टाच पुढे

रिंत्सेनं दोन पट्टे सोडले आणि बाटलीचं बूच काढावं तसा आपला डावा पाय त्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून ओढून बाहेर काढला. नकली पाय बुटासकट टेबलाला टेकवून उभा केला. वरचा पांढरा मोजा सोलून काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाला,

"हं, घ्या बघून. बघायला पैसे पडत नाहीत."

नोव्हेंबर महिना, बाहेर बोचरा वारा, आणि हा गृहस्थ अर्धी चड्डी घालून आला होता. लोकांच्या स्वयंपाकघरात बसून पँटचा पाय वर गुंडाळत बसणं त्याला आवडत नसे. दाखवायला आलोय तर सरळ दाखवावं, त्यात लाजायचं काय.

हायटेनं एकदा बघितलं आणि लगेच कॉफीच्या किटलीकडे वळला. तो छपरं शाकारणारा माणूस, उंचीला न घाबरणारा, पण गेल्या दोन महिन्यांत त्याचं काळीज अगदी मऊ पडलं होतं. त्याची बायको सित्स्के मात्र नजर न हलवता बघत राहिली. ती गावाबाहेरच्या उघडत्या पुलावर कामाला होती. कुठली बोट थांबवायची आणि कुठली सोडायची हे ठरवण्यात तिचा दिवस जायचा, आणि घरातही तिची नजर तशीच असायची. आणि त्यांची मुलगी यिल्दौ, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती लोकरीची टोपी कानांवर ओढून, उजवा पाय उशीवर ठेवून समोरच्या बाकावर बसली होती. औषधांनी केस गेले होते. भुवयाही जवळजवळ गेल्याच होत्या, त्यामुळे तिला काय वाटतंय ते ओळखणं अवघड होतं.

समोर होतं ते असं. आखूड मांडी खुर्चीच्या कडेपुढे आलेली, मांडीभोवती कंबरपट्ट्यासारखा एक जुना व्रण, आणि तिच्या टोकाला, जिथे गुडघा असायचा तिथे, घोटा. घोट्याखाली पाऊल लोंबत होतं. बोटं जमिनीकडे, तळवा बसलेल्या मंडळींकडे. टाच वर आणि पुढे, गुडघ्याच्या वाटीच्या जागी.

"लहानपणी आई म्हणायची, पाहुण्यांसमोर पाय नाचवायचे नाहीत," रिंत्से म्हणाला. "आता बघा, पाहुणा होऊन जातो आणि पायच नाचवतो."

हे वाक्य तो प्रत्येक घरी टाकत असे. इस्पितळातली नर्स फोन करायची, अमुक गावात एक मुलगा आहे, तमुक गावात एक मुलगी, जाऊन याल का; आणि बोटींच्या कारखान्यातून सुटी काढून रिंत्से जायचा. विनोद ठरलेले, क्रम ठरलेला. आईबाप हसले की निम्मं काम झालं, असा त्याचा अनुभव होता. हायटे हसला, गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच. यिल्दौ हसली नाही.

फाटकाशीच हायटेनं त्याला गाठलं होतं. पोरीच्या मांडीच्या हाडात कर्करोगाची गाठ, गुडघ्याच्या लगेच वर. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या होत्या. एक, धातूचा गुडघा बसवायचा. दिसायला पाय पायासारखा, पण उड्या नाहीत, धावणं नाही, आणि मुलगी वाढत जाईल तशी पुन्हा पुन्हा कापाकापी. दोन, मांडीतूनच पाय काढायचा. तीन, रिंत्सेसारखं: मधला खराब तुकडा गुडघ्यासकट काढायचा, खालचा पाय उलटा फिरवून मांडीला जोडायचा, म्हणजे घोट्याचाच गुडघा होतो. डॉक्टर तिसऱ्या वाटेच्या बाजूचे होते, आईबापही तिथेच आले होते. पण यिल्दौला बारा पूर्ण झाली होती, आणि बारा झालेल्या मुलाला या देशात विचारावंच लागतं. तिच्या होकाराशिवाय डॉक्टर सुरी उचलत नाहीत. आणि ती हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. विचारलं की "बघू" म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. मंगळवारी उत्तर द्यायचं होतं. उशीर परवडणार नव्हता, गाठ काही कुणासाठी थांबत नाही.

"तिला घाबरवू नका म्हणजे झालं," हायटे म्हणाला होता. "नाही म्हणाली तर आम्ही काय करायचं, सांगा."

"मी कशाला घाबरवू," असं म्हणून रिंत्से आत आला होता.

"हलव," यिल्दौ आता म्हणाली. आल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

रिंत्सेनं पायाची बोटं ताणली. पाऊल उचललं गेलं आणि मांडीच्या रेषेत सरळ झालं, तळवा छताकडे. "हा पाय सरळ झाला." मग बोटं आपल्याकडे ओढली. पाऊल खाली वळलं. "हा गुडघा वाकला. बास. यात जादू काही नाही."

"म्हणजे पोटरी पुढे आली."

"बरोबर. पोटरी पुढे, नडगी मागे. पोटरीची शीर टाचेला येऊन चिकटते ना, इथे, हात लावून बघ आपल्या पायाला. आधी ती टाच वर उचलायची, आपण चवड्यांवर उभे राहायचो. आता तीच टाच ओढते आणि पाय सरळ होतो. मांडीच्या स्नायूचं काम करते. बदली झाली बिचारीची. पगार तोच, काम दुप्पट."

यिल्दौनं डाव्या टाचेमागची ती दोरीसारखी शीर चिमटीत धरली, पाऊल वरखाली केलं. मग विचारलं,

"तिला कसं कळलं?"

"कोणाला?"

"पोटरीला. की आता दुसरं काम करायचंय."

असा प्रश्न रिंत्सेला आजवर कुणी विचारला नव्हता. त्यानं डोकं खाजवलं.

"लगेच नाही कळलं तिला. मी म्हणायचो गुडघा वाकव, आणि काहीच व्हायचं नाही. मग बोटं वर कर म्हणायचो आणि गुडघा वाकायचा. जिन्यावरून दोनदा गडगडलो. मग एक दिवस मांजराच्या मागे धावलो आणि परत आल्यावर लक्षात आलं, अरे, आपण बोटांचा विचारच केला नाही."

"मांजर सापडलं?"

"मांजरं कुठे सापडतात."

सित्स्केनं साखरेच्या पावाचा जाड तुकडा लोणी लावून त्याच्यापुढे सरकवला. तिच्या मते काम बरं चाललं होतं. यिल्दौ उशीवरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवत बाकाच्या टोकाला सरकली.

"डोळे मीट," ती म्हणाली. "हात लावू ना?"

"लाव की."

तिचं बोट गार होतं. रिंत्से डोळे मिटून बसला. "टाच, आतल्या बाजूला... करंगळीखालचा उंचवटा... अंगठ्याच्या मुळाशी... अगं कमानीत नको, तिथे गुदगुल्या होतात."

"उलटं वाटतं?"

"नाही. माझंच पाऊल वाटतं. उलटं बघणाऱ्याला वाटतं. आतली नस त्यांनी तोडलेली नसते, मोठ्या काळजीनं बाजूला धरून ठेवतात. म्हणून मला सगळं कळतं. मांडीतून पाय काढलेला माझा एक मित्र आहे, त्याला नसलेल्या बोटांना खाज सुटते. खाजवणार कुठे? मला सुटली तर मी खाजवतो."

"आणि उभं राहिल्यावर वजन कशावर येतं?"

"या तळव्यावरच, बरंचसं. दाबून बघ टाचेखाली. गादी आहे की नाही? चरबीचे बारीक बारीक कप्पे असतात आत. अंगावर इतर कुठली कातडी एवढं सोसत नाही. मांडीतून पाय काढला तर टोकाला जखमा होतात, सुजतं, सोलतं. तळवा जन्मापासून ओझंच वाहतोय, त्याला त्याचं काही वाटत नाही."

हायटे एव्हाना येऊन बसला होता आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. त्या मान डोलावण्याचा रिंत्सेला वैताग येऊ लागला.

"खांबावर चढता येईल?" यिल्दौनं विचारलं.

घरामागे, कालव्याच्या काठाला, तिचा खांब आडवा पडलेला रिंत्सेनं येताना पाहिला होता. उन्हाळ्यात या भागातली पोरं कालव्याच्या तळाशी टेकवून उभ्या केलेल्या अशा लांबच लांब खांबाला धावत येऊन लटकतात, तो पाण्यावर झुकत असताना माकडासारखी वर चढत जातात आणि पलीकडच्या काठावरच्या वाळूत उडी टाकतात. पायांना सायकलच्या ट्यूबचं रबर बांधतात, म्हणजे तळवे खांबावर घसरत नाहीत. फळीवर यिल्दौची दोन बक्षिसं होती.

"का नाही येणार," हायटे घाईनं म्हणाला. "यांना सगळं येतं. हो ना?"

"मला माहीत नाही," रिंत्से म्हणाला. "सायकल येते. पोहता येतं. कालव्यावर बर्फ धरला की स्केट बांधून घसरतो, पडतो थोडा जास्त, पण घसरतो. बोटीच्या डोलकाठीवर चढतो. तुमच्या त्या खांबावर मी कधी चढलो नाही, आणि असा पाय असलेलं दुसरं कोणी चढल्याचं ऐकलं नाही. तेव्हा येईल म्हणून सांगितलं तर ती थाप होईल."

हायटेचा चेहरा पडला. यिल्दौनं मात्र पहिल्यांदाच रिंत्सेकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. दोन महिने सगळे तिला सगळं येईल म्हणूनच सांगत होते.

"तुला कोणी येऊन दाखवलं होतं?" तिनं विचारलं.

"छे. तेव्हा असे पाय फारसे नव्हतेच. मी दहा वर्षांचा होतो."

"मग तुला कसं सांगितलं?"

या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं, आईबाबा शेजारी बसले, मी म्हटलं ठीक आहे. कितीतरी स्वयंपाकघरांतून त्यानं हे सांगितलं होतं, आणि ते ऐकून सगळ्यांना बरं वाटायचं. त्यानं तोंड उघडलं. ती बिनभुवयांची पोर त्याच्याकडे बघत होती, तिचं गार बोट अजून त्याच्या टाचेवर होतं, आणि ते वाक्य काही केल्या बाहेर येईना.

"सांगितलंच नाही," तो म्हणाला.

सित्स्केनं मान वर केली.

"आई म्हणाली, आतला वाईट भाग काढणार, पण तुझं पाऊल वाचणार. एवढंच. मी खूश. शुद्धीवर आलो तर प्लास्टर. प्लास्टरमधून बोटं बाहेर दिसत होती, पण भलत्याच बाजूला. मला वाटलं, डॉक्टरांनी चुकून उलटं लावलं."

यिल्दौची नजर त्याच्या पावलावर गेली.

"खरंच वाटलं. म्हातारे डॉक्टर होते, भले गृहस्थ, राउंडला आले की मला गोळी द्यायचे पेपरमिंटची. मी विचार केला, हे कळलं तर यांची नोकरी जाईल. आणि आईला कळलं तर ती रडेल. मग मी पांघरूण पायावरून काढूच द्यायचो नाही. जून महिना, वॉर्डात उकडत होतं, आणि मी म्हणायचो थंडी वाजते. आई यायची, बरं म्हणायची, आणि पांघरूण आणखी घट्ट खोचून द्यायची."

"तिला माहीत होतं," यिल्दौ म्हणाली.

"पहिल्यापासून. हे मला नंतर कळलं. एका नर्सनं पांघरूण बाजूला केलं आणि म्हणाली, वा, काय सुरेख बसलंय. तुझ्या आईबाबांनी फार विचार करून ठरवलंय हं. तेव्हा कळलं. मी आईपासून लपवत होतो आणि आई माझ्यापासून."

"मग तू काय म्हणालास तिला?"

"काही नाही. ती पण काही नाही. तो विषय राहूनच गेला." इथवर आलोच आहोत तर उरलेलं तरी पोटात कशाला ठेवायचं, असं त्याला वाटलं असावं. "तिच्यासमोर मी पाय कधी काढलेला नाही. दर रविवारी जातो. आजपर्यंत नाही काढला. लोकांच्या घरी काढतो."

कॉफी निवत चालली होती. हायटे टेबलाच्या कडेवरचा पावाचा चुरा बोटानं गोळा करत होता.

"आणि तुला विचारलं असतं तर?" यिल्दौ म्हणाली.

"तर नाही म्हणालो असतो."

"लगेच?"

"लगेच. वाक्य पुरं होऊ दिलं नसतं. आणि ते चुकलं असतं, आज मला हा पाय हवाच आहे, याच्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे. पण दहाव्या वर्षी नाहीच म्हणालो असतो."

सित्स्के उठली. तिनं त्याच्यापुढची ताटली उचलली, त्यात पावाचा अर्धा तुकडा तसाच होता.

"पुरे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण पुलावरचा रस्ता अडवणारा दांडा खाली पडावा तसा तो शब्द पडला. "तुम्हाला आम्ही कशाला बोलावलं, आणि तुम्ही काय शिकवताय पोरीला? दोन महिने आम्ही जिवाचं रान करतोय. तुम्ही अर्ध्या तासात नाही कसं म्हणायचं ते सांगून निघालात."

तिचं काय चुकलं होतं? रिंत्सेनं खुर्चीच्या पाठीवरून मोजा ओढून घेतला. आपण घोळ घालून ठेवला, आणि तोही एका आजारी पोरीच्या बाबतीत, हे त्याला कळत होतं.

"आई, बस," यिल्दौ म्हणाली.

"मला नको सांगू बस म्हणून."

"बस ना. मला तुला विचारायचंय." आई बसली नाही, ताटली हातात घेऊन उभी राहिली, तरी यिल्दौनं विचारलंच. "तू मला सांगितलं असतंस का? मी बारा वर्षांची नसते तर? विचारायचा नियमच नसता तर?"

हायटे म्हणाला, "अगं, म्हणजे काय, आम्ही कधी तुझ्यापासून..."

"तुला नाही, बाबा. आईला."

सित्स्केनं ताटली ओट्यावर ठेवली. खिडकीतून कालवा दिसत होता, पलीकडे ओल्या गवतात मेंढ्या. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मऊपणा वगैरे काही आलेला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "नसतं सांगितलं. डॉक्टरांना हो म्हणून आले असते आणि घरी येऊन तुला म्हटलं असतं, पाऊल वाचणार आहे. अगदी यांच्या आईसारखं. तू मग माझं तोंड पाहिलं नसतंस, जन्मभर बोलली नसतीस, तरी मला चाललं असतं. माझ्याशी न बोलणारी मुलगी मला चालते. ती असायला तर हवी."

"आणि लाज वाटली असती?"

"रोज वाटली असती."

आता विचारलं ते रिंत्सेनं. आपण विचारतोय हे त्याला शब्द बाहेर पडल्यावर कळलं.

"मग नंतर कधी बोलला असतात तिच्याशी? मोठी झाल्यावर?"

सित्स्केनं त्याच्याकडे पाहिलं. राग अजून होता, पण प्रश्न खरा आहे हे तिला दिसत होतं.

"तिनं विषय काढला असता तर," ती म्हणाली. "मी कोणत्या तोंडानं काढणार? मी वाट बघत राहिले असते."

रिंत्से मोजा हातात धरून बसून राहिला. हायटे उठून नळापाशी गेला, पाणी सोडलं, तोंडावर मारलं आणि टॉवेलात तोंड खुपसून तिथेच उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. यिल्दौनं टोपी जरा वर सरकवली.

"मंगळवारी डॉक्टरांशी मी बोलणार," ती म्हणाली. "तुम्ही नाही. तुम्ही नुसतं बसायचं."

"आणि काय सांगणार?" सित्स्केनं विचारलं.

"हो म्हणून सांगणार. पण ते मी सांगणार. आणि आदल्या दिवशी तू माझ्याशी गोड बोलायचं नाहीस, मला ते कळतं." मग ती रिंत्सेकडे वळली. "तुझा पाव राहिला. आई, देऊन टाक त्याला. उपाशी जाईल."

सित्स्केनं ताटली पुन्हा त्याच्यापुढे ठेवली. लोण्याचं भांडंही सरकवलं.

गाडीत बसल्यावर रिंत्सेनं हीटर लावला. मुलगी हो म्हणाली होती. नर्सला तेवढं कळवलं की काम झालं, कारखान्यालाही आज सुटीच होती. घरचा रस्ता उजवीकडे होता. चौकात तो डावीकडे वळला.

त्याची आई बाउक्ये बांधाच्या पायथ्याशी, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या त्या एकमजली घरांपैकी एकात राहत होती. तिनं दार अर्धंच उघडलं.

"आज शनिवार ना?"

"हो."

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, आई. सहज आलो."

"सहज," बाउक्ये म्हणाली आणि बाजूला झाली. "आणि चड्डी घालून. या हवेत. लहान आहेस का तू?"

आत वाटाण्याचं सूप शिजत होतं. ती शेगडीपाशी गेली आणि पळी हातात घेऊन ढवळायला लागली, पाठ त्याच्याकडे. रिंत्से तिच्या छोट्या टेबलाशी बसला. कारखाना कसा चाललाय, ती म्हणाली. बरा चाललाय, तो म्हणाला. शेजारची म्हातारी पडली परवा, ती म्हणाली. हात मोडला का, तो म्हणाला. नाही, नुसता मुका मार. दर रविवारी असंच चालायचं, आज शनिवार असून चाललं. मग त्यानं हात खाली नेला आणि पट्टा सोडला.

त्या पट्ट्याला चर्रकन आवाज येतो. पळी थांबली. त्यानं दुसरा पट्टा सोडला. पळी परत फिरायला लागली, पण आता ती नुसती भांड्याच्या कडेनं फिरत होती.

शस्त्रक्रियेनंतर त्यानं स्वतःचं स्वतः करायला इतक्या लवकर शिकून घेतलं की सगळ्यांनी कौतुक केलं होतं. खोलीला आतून कडी. पोहायला जायचं तर मित्रांबरोबर, घरच्यांबरोबर नाही. पुढे लग्न झालं, मोडलं, त्या बायकोनं हा पाय हजारदा पाहिला असेल. आणि ज्या बाईनं तो त्याला मिळवून दिला तिनं तो पाहिलाच नव्हता. त्यानं पाय ओढून काढला, मोजा उतरवला.

"आई, वळ इकडे."

"सूप लागेल खाली."

"लागू दे."

बाउक्येनं गॅस बंद केला. पळी बशीत ठेवली, हात पुसले, एकेक बोट पुसलं, आणि वळली. तिची नजर आधी टेबलाला टेकवलेल्या बुटावर गेली, मग तिथून हळूहळू वर आली. अनोळखी माणसांसमोर नाचवलेलं ते पाऊल त्याला आता झाकून घ्यावंसं वाटत होतं, दहा वर्षांचा होता तेव्हासारखं. त्यानं झाकलं नाही.

तिनं एप्रनच्या खिशातून चष्मा काढला, लावला आणि जवळ आली.

"मला जमलं नाही रे तेव्हा," ती म्हणाली. "तुला सांगायला. रोज ठरवून यायचे, आणि तू म्हणायचास थंडी वाजते."

"हो."

"मला माहीत होतं तुला थंडी वाजत नाहीये."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू विचारशील म्हणून." तिनं ओठ मिटून घेतले. डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत, चष्माच वर ढकलला. "तू जगावास एवढंच डोक्यात होतं. बाकी काही सुचतच नव्हतं."

"बरं केलंस," रिंत्से म्हणाला. हे तो आज पहिल्यांदा म्हणत होता, आणि ते अवघड गेलं, तरी खोटं नव्हतं.

ती वाकली. उभ्यानं नीट दिसेना, म्हणून भाजी निवडायचं बुटकं स्टूल पायानं ओढून त्याच्यासमोर बसली. पावलाकडे बघितलं, डावीकडून, उजवीकडून, जसं कुणी बाजारात काही घेताना बघतं. मग टाचेवर अंगठा फिरवला.

"केवढ्या भेगा पडल्यात या टाचेला."

"थंडीत पडतात. त्या नळकांड्यात घाम येतो आणि सुकतो."

"काही लावतोस?"

"नाही."

"नाही म्हणे." ती टेबलाचा आधार घेत उठली, कपाटात खाली हात घालून चाचपडली आणि एक पिवळा डबा घेऊन आली. गोठा विकून कित्येक वर्षं झाली होती, पण गाईंच्या सडांना लावायचं मलम तिच्या कपाटातून हललं नव्हतं. हातांना, ओठांना, बिजागऱ्यांना, सगळ्याला तेच. ती पुन्हा स्टुलावर बसली, एप्रन मांडीवर सारखा केला, त्याचं पाऊल मांडीवर टेकवून घेतलं आणि दोन बोटांनी मलम भरायला लागली, भेगेत, कडेला, घोट्याच्या खोबणीत, मग तळव्याला, सावकाश. कमानीत तिचं बोट गेलं तेव्हा पाऊल आपोआप आखडलं.

"अजून तिथेच होतात का गुदगुल्या," ती म्हणाली.

रिंत्सेनं मान डोलावली. तिनं बोटांवरचं उरलेलं मलम आपल्या मनगटाला पुसलं आणि डबा झाकायला घेतला, पण झाकला नाही.

"दुसरा काढ," ती म्हणाली. "त्याचीही तीच गत असणार."

तो वाकला आणि उजव्या बुटाची नाडी सोडायला लागला.